पितळी पुंगळी आणि ॲल्युमिनियमचा जोड
उच्चबल मिश्रधातूंच्या वेल्डिंगवरील संशोधनाची ओळख

भुसावळहून नागपूरकडे निघालेली गाडी तापीच्या दक्षिणेकडील काळ्या जमिनीतून पूर्वेकडे वळली की थोड्याच वेळात वरणगाव येते. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर देशाने संरक्षण उत्पादनाचा जो विस्तार हाती घेतला, त्यात १९६४ साली येथे आयुधनिर्माणी स्थापन झाली. सैन्याच्या रायफली व तत्सम लहान शस्त्रांना लागणारी काडतुसे हे या निर्माणीचे उत्पादन. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील आयुधनिर्माण्यांची सात कंपन्यांत पुनर्रचना झाली, तेव्हा वरणगावची निर्माणी पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली.

वरणगावला घडते ते मुख्यतः पितळ. या लेखाचा विषय आहे उच्चबल ॲल्युमिनियम मिश्रधातूंचे वेल्डिंग, म्हणजे अग्निबाणाच्या टाक्या, लष्करी पूल आणि विमानांचे भाग ज्या धातूंपासून बनतात त्यांची जोडणी. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. परंतु धातुशास्त्राच्या दृष्टीने तो फार जवळचा आहे. खानदेशातील शिक्षकाला किंवा तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्याला या अवघड संशोधनाच्या अंगणात शिरावयाचे असेल तर पितळी काडतुसाच्या वाटेनेच शिरणे सोपे जाईल.

एका पुंगळीतील तीन स्वभाव

काडतुसाचे कवच, म्हणजे पुंगळी, सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त अशा पितळाची असते. पितळाच्या जाड चकतीपासून प्रथम वाटी तयार करतात व ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात. प्रत्येक ओढीबरोबर पितळ अधिकाधिक कठीण होत जाते. ते फाटू नये म्हणून मधून मधून तापवून मऊ करावे लागते. कारखान्यात याला ‘ॲनीलिंग’ म्हणतात.

तयार पुंगळी सर्वत्र सारखी नसते, आणि नसावीच लागते. बुडाशी ती कठीण हवी, कारण स्फोटाचा दाब तेथे सोसावयाचा असतो. मधला भाग लवचिक हवा, म्हणजे गोळी सुटल्यावर तो किंचित आकसून पुंगळी सहज बाहेर पडते. तोंडाशी मात्र ती मऊ हवी, नाही तर गोळीला घट्ट धरताना तेथे चीर पडते. म्हणून अखेरच्या टप्प्यात फक्त तोंडाकडचा भाग ज्वाळेने किंवा विजेने तापवितात. धातू एकच, वस्तू एकच. परंतु कोठे किती उष्णता दिली यावर तिचे बळ ठिकठिकाणी बदलते.

काडतूस बनविणाऱ्याला जे जाणूनबुजून घडवून आणावयाचे असते तेच वेल्डिंग करणाऱ्यावर नको असताना ओढवते. मोठ्या कष्टाने बळकट केलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला जोडण्यासाठी उष्णता द्यावी, तर जोडाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मऊ पडतो. या एका अडचणीभोवती जगभरच्या प्रयोगशाळांत गेली सत्तर-ऐंशी वर्षे काम चालले आहे.

पितळाला पर्याय शोधताना

या मिश्रधातूंचा जन्मही काडतुसाशीच जोडलेला आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड विल्म हे जर्मन धातुतज्ज्ञ बर्लिनजवळच्या एका प्रयोगशाळेत काम करीत होते. काडतुसासाठी पितळाऐवजी वापरता येईल अशी ॲल्युमिनियमची मिश्रधातू शोधणे हे त्यांच्याकडे सोपविलेले काम होते. ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश. पण शुद्ध ॲल्युमिनियम फारच मऊ. विल्म यांनी लोहाराची रीत वापरून पाहिली. विळ्याला किंवा कोयत्याला पाणी देताना लोहार पोलाद लाल होईपर्यंत तापवितो आणि एकदम पाण्यात बुडवितो, की ते तत्काळ कठीण होते. ॲल्युमिनियम, तांबे व थोडे मॅग्नेशियम यांच्या मिश्रणाला विल्म यांनी असेच पाणी दिले. ते कठीण झाले नाही. परंतु काही दिवस तसेच पडून राहिलेल्या त्याच तुकड्याची कठीणता पुन्हा मोजली, तेव्हा ती बरीच वाढलेली आढळली. हे १९०६ साल. पुढे ही धातू ‘ड्युरल्युमिन’ या नावाने बाजारात आली. काडतुसातील पितळाची जागा तिने घेतली नाही. ती प्रथम हवाई जहाजांच्या सांगाड्यात आणि नंतर विमानांत गेली.

धातू नुसती ठेवली असता बळकट का व्हावी, याचे उत्तर मिळण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला. १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांच्या साहाय्याने ते शोधून काढले. तापविलेल्या अवस्थेत तांब्याचे अणू ॲल्युमिनियममध्ये साखर पाण्यात विरघळावी तसे विरघळलेले असतात. एकदम थंड केल्यावर त्यांना बाहेर पडण्यास सवड मिळत नाही. मग ते हळूहळू एकत्र येऊन अतिसूक्ष्म पुंजके तयार करतात. धातू वाकते तेव्हा तिच्यातील अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. हे पुंजके त्या घसरणीला अडवितात.

शेतकऱ्याला हे समजावून सांगण्यास एक उदाहरण पुरेसे आहे. शेतभर दगडगोटे विखुरलेले असले तर नांगर पदोपदी अडतो. तेच गोटे वेचून चार ठिकाणी ढीग केले तर शेतातील दगड तेवढेच राहतात, पण नांगर मधून मोकळा चालतो. मिश्रधातूला ठरावीक तापमानात ठरावीक वेळ ठेवले तर पुंजके बारीक व दाट राहतात आणि तिचे बळ सर्वाधिक होते. उष्णता जास्त झाली की पुंजके एकत्र येऊन थोडे पण मोठे होतात, आणि बळ उतरते. आणखी तापविले तर ते विरघळूनच जातात. लोणच्याप्रमाणे ही धातूही योग्य तितकीच मुरावी लागते. कारखान्यातील ‘एजिंग’ ती हीच क्रिया.

उच्चबल म्हणविल्या जाणाऱ्या मिश्रधातूंचे मुख्यतः दोन वर्ग आहेत. एका वर्गात तांबे प्रमुख असते; त्यांचे क्रमांक २००० च्या घरातील. दुसऱ्यात जस्त व मॅग्नेशियम असते. त्यांचे क्रमांक ७००० च्या घरातील. यांपैकी ७०७५ ही १९४३ मध्ये अमेरिकेत विमानांसाठी वापरात आलेली मिश्रधातू योग्य प्रक्रियेनंतर सुमारे ५७० मेगापास्कल ताण सहन करते. साधे बांधकामाचे पोलाद ४०० ते ५०० च्या आसपास तुटते, आणि वजनाला ते जवळजवळ तिप्पट भारी असते.

जोड कोठे बिघडतो

गावातील फॅब्रिकेशनच्या दुकानात लोखंडी दरवाजा किंवा ट्रॉली जोडणाऱ्या कारागिराच्या हाती ॲल्युमिनियम दिले तर तो पहिल्या प्रयत्नातच अडखळतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या पृष्ठावर हवेत आपोआप जमणारी ऑक्साइडची साय २००० अंशांच्याही वर वितळते. आतली धातू पाणी झाली तरी वरची साय तशीच राहते आणि दोन कडा एकजीव होऊ देत नाही. शिवाय हा धातू तापताना रंग बदलत नाही. लोखंडाप्रमाणे लाल होऊन तो इशारा देत नाही. पाहता पाहता भोक पडते. उष्णताही तो झपाट्याने सभोवार पसरवून टाकतो.

या अडचणींवर तोडगा मात्र निघालेला आहे. टंगस्टनचे टोक, भोवती आर्गॉन वायूचे आवरण आणि प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह वापरला की प्रवाहाच्या एका अर्ध्या फेऱ्यात साय फुटते आणि दुसऱ्यात धातू वितळते. ‘टिग’ नावाने प्रसिद्ध असलेली ही पद्धत आता औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वेल्डर व्यवसायातही शिकविली जाते.

पुढच्या तीन अडचणी मात्र हस्तकौशल्याने सुटत नाहीत. त्यांच्यासाठीच संशोधन लागते.

पहिली, सच्छिद्रता. वितळलेले ॲल्युमिनियम हायड्रोजन वायू भरपूर शोषून घेते. गोठताना मात्र त्याच्या सुमारे एकविसांश एवढाच वायू त्यात राहू शकतो. उरलेला बुडबुड्यांच्या रूपाने अडकून पडतो. हा हायड्रोजन येतो कोठून? मुख्यतः ओलाव्यातून. तारेवरचा दमटपणा, पत्र्यावरील तेलाचा हात, गळक्या नळीतून शिरलेली हवा, यांतील कोणतेही कारण पुरेसे होते. मे महिन्यातील भुसावळच्या कोरड्या उन्हाळ्यात निर्दोष आलेला जोड जुलैच्या दमट हवेत छिद्रांनी भरलेला निघू शकतो. म्हणून प्रयोगाच्या वहीत त्या दिवशीच्या हवेतील आर्द्रतेची नोंद ठेवावी लागते. नवा संशोधक नेमकी तीच विसरतो.

दुसरी, उष्ण तडा. शुद्ध धातू एका ठरावीक तापमानाला गोठते. मिश्रधातू मात्र एका पट्ट्यात हळूहळू गोठते. ७०७५ च्या बाबतीत हा पट्टा सुमारे ६३५ पासून ४७७ अंशांपर्यंत, म्हणजे दीडशेहून अधिक अंशांचा आहे. एवढा वेळ कण गोठलेले पण त्यांच्यामध्ये पातळ द्रवाचा पडदा, अशी अवस्था राहते. त्याच वेळी थंड होणारी धातू आकसते व ओढ बसते. कणांमधला पडदा फाटतो आणि जोडाच्या मध्यावर चीर उमटते. या कारणाने ७०७५ ही धातू वितळवून जोडण्यास योग्य नाही असे पाठ्यपुस्तके सांगतात.

याउलट १९५४ मध्ये अमेरिकेत तयार झालेली २२१९ ही मिश्रधातू पाहावी. तिच्यात तांबे सुमारे ६.३ टक्के, म्हणजे ॲल्युमिनियममध्ये विरघळू शकेल त्याहून जास्तच असते. त्यामुळे शेवटी गोठणारा द्रव इतका भरपूर असतो की चीर पडू लागताच तो तीत वाहत जाऊन ती भरून काढतो. तांबे कमी असते तर तडे वाढले असते, जास्त आहे म्हणून ते बुजतात. सामान्य तर्काला हे उलटे वाटते, पण प्रयोगांनी ते सिद्ध झाले आहे. अमेरिकेच्या सॅटर्न-५ अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याच्या आणि पुढे स्पेस शटलच्या बाह्य टाकीच्या रचनेसाठी याच धातूची निवड झाली.

तिसरी अडचण बळाच्या ऱ्हासाची. पूर्ण बळ दिलेला २२१९ चा पत्रा सुमारे ४७५ मेगापास्कल ताण सहन करतो. तोच टिग पद्धतीने जोडला की जोड साधारणपणे त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक ताणाला तुटतो. पत्र्याच्या बळासाठी किंमत मोजावी आणि जोडाच्या बळावर आराखडा करावा, अशी स्थिती होते. त्यामुळे टाकी बनविताना जोडाच्या जागी पत्रा मुद्दाम जाड ठेवतात व इतरत्र तो कोरून पातळ करतात. अग्निबाणात वाढलेला प्रत्येक किलोग्रॅम वजनातून वजा होतो. तेव्हा जोडाचे बळ थोडे जरी वाढविता आले तरी त्याचे मोल मोठे असते.

पागेतील काडतुसे आणि श्रीहरिकोट्याची टाकी

चौथी अडचण वेल्डिंगच्या वेळी दिसत नाही. ती कालांतराने प्रकट होते. तिची पहिली ठळक ओळख पुन्हा पितळी काडतुसांतच झाली, आणि तीही भारतात. ब्रिटिश अमलातील सैन्याची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठविली जात. कोणीही हात न लावता त्या पुंगळ्यांना चिरा पडत. हा दोष ऋतूशी जोडलेला दिसल्याने इंग्रजीत त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव मिळाले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, हवेतील ओलावा आणि पुंगळी ओढताना तिच्यात उरलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ तडकते. यांपैकी एक काढून घेतले तर तडा जात नाही. अमोनिया टाळणे नेहमीच हाती नसते, पण पुंगळी हलकेच तापवून आतला ताण घालविता येतो.

ताण, प्रतिकूल परिसर आणि त्यांना बळी पडणारी धातू या त्रयीला आज ताण-क्षरण म्हणतात. जस्त-मॅग्नेशियम असलेल्या ७००० वर्गातील काही मिश्रधातूंना त्याची बाधा विशेष होते. या वर्गातील ७०२० ही मिश्रधातू वेल्डिंगला बरीच अनुकूल आहे. जोडल्यानंतर मऊ पडलेला पट्टा काही आठवडे तसाच ठेवला तर आपोआप पुन्हा मुरून बरेचसे बळ परत मिळवितो. या गुणामुळे ती अनेक ठिकाणी पसंतीस उतरली. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या जीएसएलव्ही अग्निबाणाच्या दुसऱ्या टप्प्यातील टाकीसाठीही ती वापरली जात होती.

१९ ऑगस्ट २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथे जीएसएलव्ही-डी५ उड्डाणाच्या तयारीत उभा होता. भारतीय बनावटीच्या क्रायोजेनिक टप्प्याची ती महत्त्वाची कसोटी होती. उड्डाणास एक तास चौदा मिनिटे उरली असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळू लागल्याचे लक्षात आले व उड्डाण थांबविण्यात आले. तपासणीत इंधनाच्या टाकीला तडा गेल्याचे आढळले. ७०२० मिश्रधातूची ताण-क्षरणाला बळी पडण्याची प्रवृत्ती हे कारण पुढे आले. तो टप्पा बदलून २२१९ मिश्रधातूची टाकी असलेला नवा टप्पा बसविण्यात आला, आणि ५ जानेवारी २०१४ रोजी त्याच अग्निबाणाने जीसॅट-१४ हा उपग्रह कक्षेत नेला.

बळ, जोडण्याची सोय आणि टिकाऊपणा ही तीन टोके एकाच धातूत क्वचितच जुळतात. एकीकडे ओढले की दुसरीकडे सैल पडते. मिश्रधातूची निवड हा कागदावरील आकड्यांचा खेळ नसतो, हे या प्रसंगाने स्पष्ट केले.

न वितळविता जोडणे

वितळविल्यानेच जर तडे व छिद्रे उद्भवतात, तर वितळवूच नये, हा विचार १९९१ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये प्रत्यक्षात आला. कठीण पोलादाचे, टोकाशी खुंटी असलेले हत्यार वेगाने फिरवीत दोन पत्र्यांच्या सांध्यात दाबून उतरवितात आणि सांध्याच्या रेषेने पुढे सरकवितात. घर्षणाने धातू मळलेल्या कणकेसारखी मऊ होते, खुंटी ती ढवळते आणि मागे दाबून एकजीव करते. धातू द्रव होतच नाही. त्यामुळे गोठतानाचा तडा पडण्याचे कारण राहत नाही. घर्षण-घुसळ जोडकाम असे या पद्धतीचे वर्णन करता येईल. व्यवहारात ‘फ्रिक्शन स्टर’ हेच नाव रूढ आहे. जिला वितळवून जोडणे अशक्य मानले जाई ती ७०७५ देखील या रीतीने जोडली जाते. २२१९ च्या बाबतीत मूळ बळाच्या सत्तर टक्क्यांपर्यंत व त्याहून अधिक बळाचे जोड मिळाले आहेत.

येथेही दोष आहेतच. हत्यार वर काढले की शेवटी खुंटीच्या आकाराचे भोक राहते. वेग चुकला तर जोडाच्या पोटात बोगदा राहतो आणि तो वरून दिसत नाही. पत्रे भक्कम आवळून धरावे लागतात, त्यामुळे वेड्यावाकड्या आकाराच्या कामाला ही पद्धत सोयीची नाही. पण शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने तिचा एक मोठा गुण असा की आरंभीचे प्रयोग करण्यास महागडे यंत्र लागत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेतील उभे मिलिंग यंत्र, मजबूत पकड आणि घडविलेले हत्यार यांवर पाच-सहा मिलिमीटर जाडीचे पत्रे जोडता येतात. भारतातील अनेक प्रबंधांचे प्रयोग अशाच मिलिंग यंत्रांवर झाले आहेत.

प्रबंधात काय असते

पीएच. डी. म्हणजे विषयावरचे मोठे पुस्तक, अशी समजूत शिक्षकवर्गातही आढळते. या क्षेत्रात प्रबंध हा बहुधा एका अगदी अरुंद प्रश्नाचा पिच्छा असतो. उदाहरणार्थ, विशिष्ट मिश्रधातूच्या सहा मिलिमीटर पत्र्यात विद्युत्प्रवाह सलग न देता ठोक्याठोक्याने दिला तर जोडातील कण बारीक होतात काय, आणि झाल्यास त्याने तडे किती कमी होतात? किंवा जोडल्यानंतर पुन्हा उष्णताप्रक्रिया दिल्यास बळ वाढते, पण ताण-क्षरणाचा धोकाही वाढतो काय?

प्रश्न ठरला की काम हमालीचे असते. एकाच घाणीतील पत्रा मिळवावा लागतो. घाणी बदलली की तुलना निरर्थक ठरते. प्रवाह, वेग, तार यांतील एकेक गोष्ट बदलून ठरावीक तुकडे जोडावयाचे. क्ष-किरणाने आतील छिद्रे पाहावयाची. मग ते कापून, घासून, आम्लाने खोदून सूक्ष्मदर्शकाखाली धरावयाचे. जोडाच्या मध्यापासून दोन्हीकडे प्रत्येक अर्ध्या-एक मिलिमीटरवर कठीणता मोजली की उष्णतेने मऊ पडलेला पट्टा आलेखात खड्ड्यासारखा दिसतो. या खड्ड्याची खोली आणि रुंदी हे प्रबंधाचे हृदय म्हणता येईल. ७०२० सारख्या धातूवर काम असेल तर जोडल्यानंतर महिनाभर थांबल्याशिवाय ताणपरीक्षा घेण्यात अर्थ नसतो. क्षरणाच्या परीक्षेत तर ताणलेले तुकडे मिठाच्या द्रावणात आठवडेच्या आठवडे ठेवून वाट पाहावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच. डी.साठी किमान तीन वर्षांची मुदत ठेवली आहे. प्रयोग फसले तर ती सहज वाढते.

महाराष्ट्रात या कामाला पोषक संस्था आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठात, धातुशास्त्राचे अध्यापन १९४८ पासून चालू आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था येथेही या शास्त्राचे जुने विभाग आहेत. नागपूरजवळ वाडी येथे केवळ ॲल्युमिनियमला वाहिलेले जवाहरलाल नेहरू संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र आहे. पुण्यात दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने लष्करासाठी विकसित केलेल्या ‘सर्वत्र’ या वाहनावरून उघडणाऱ्या पुलाची तुळई ॲल्युमिनियम मिश्रधातूची आहे. रणगाडा तोलणारी पण उचलण्यास हलकी अशी तुळई उभी राहते ती जोडांच्या भरवशावरच. राज्याबाहेर तिरुचिरापल्ली येथील वेल्डिंग संशोधन संस्था आणि अण्णामलई विद्यापीठातील धातुजोड संशोधन केंद्र यांनी या विषयात दीर्घकाळ काम केले आहे.

वरणगावच्या मुलासाठी वाट

खानदेशातील महाविद्यालये पूर्वी पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून, तर शासकीय तंत्रनिकेतन त्याच्याही आधीपासून आहे. जिल्ह्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे आहे. वेल्डर व्यवसायाचे प्रशिक्षण, शिकाऊ उमेदवार म्हणून कारखान्यातील अनुभव, तेथून पदविका, पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन, असा हा जिना आज कागदावर तरी पूर्ण आहे. त्याच्या मधल्या पायऱ्यांवर मुले गळतात. त्याचे एक कारण पैशांचे असते. दुसरे कारण असे की हातात वेल्डिंगची बंदूक धरणाऱ्या मुलाला आपण शास्त्राच्या दारात उभे आहोत, हे कोणी सांगितलेलेच नसते.

विज्ञान शिक्षकाला हे दाखविण्यास प्रयोगशाळा लागत नाही. तांब्याची साधी तार वारंवार वाकविली की ती कठीण होत जाते. तीच ज्योतीवर लाल करून थंड केली की पुन्हा मऊ होते. तार मध्यभागीच तापवून मग दोन्ही टोके धरून वाकविली तर ती बरोबर तापविलेल्या जागी वाकते. पुंगळीच्या मऊ तोंडाचे आणि जोडाजवळच्या दुबळ्या पट्ट्याचे दर्शन या एका तारेत घडते. पुढचा टप्पा गावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात पाहता येईल. लोखंडी पट्टीचा जोड नीट जमला असेल तर मोडताना पट्टीच शेजारी वाकते. ॲल्युमिनियमच्या पट्टीचा जोड मात्र कोठे मोडला ते विद्यार्थ्यांनीच पाहून लिहावे. मोडलेल्या तोंडाशी बारीक गोल छिद्रे दिसली तर ती हायड्रोजनची आहेत.

ज्यांना अधिक खोलात जावयाचे असेल त्यांच्यासाठी प्रबंधही आता दूर राहिलेले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार देशातील विद्यापीठांनी मान्य केलेल्या प्रबंधांची प्रत ‘शोधगंगा’ या संग्रहात ठेवली जाते आणि ती कोणालाही विनामूल्य वाचता येते. ॲल्युमिनियमच्या जोडकामावरील कितीतरी प्रबंध तेथे आहेत. ते इंग्रजीत आहेत, आणि गणिताची प्रकरणे कठीण आहेत. परंतु प्रयोगाचे प्रकरण, म्हणजे कोणता पत्रा घेतला, तो कशाने स्वच्छ केला, तार कोठे वाळविली, किती प्रवाह दिला आणि पहिले तुकडे का फुकट गेले, हे पदविकेच्या विद्यार्थ्याला शिक्षकाच्या मदतीने समजण्यासारखे असते. वाचनास आरंभ तेथूनच करावा.